तिन्हीसांजेची दुर्बीण



वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धपौर्णिमा. रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोहे तालुक्यांच्या डोंगरांत फणसाडचे अभयारण्य आहे. अलिबागहून रेवदंड्यावरून मुरूडकडे जाताना डाव्या हाताला जे दाट रान लागते तेच हे. या रानातल्या पाणवठ्यांना तिथले लोक ‘गाण’ म्हणतात. वैशाखात बहुतेक ओढे आटतात आणि थोड्याच गाणांत पाणी उरते. साहजिकच रात्री जनावरे तिथे पाण्यावर येतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. म्हणून त्या रात्री वनखात्याची माणसे आणि त्यांच्या परवानगीने आलेले निसर्गप्रेमी मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात.

अशा मचाणावर तुम्ही बसला आहात अशी कल्पना करा. समोर शंभर मीटरवर पाणी चकाकते आहे. काठावर एक काळी आकृती हलली. भेकर आहे, सांबराचे पिल्लू आहे, की गावातून आलेला कुत्रा? कागदावर काय लिहायचे? चुकीचे लिहिले तर गणनाच खोटी होईल. तुमच्या गळ्यात दुर्बीण आहे. पण ती या उजेडात कामाची आहे का?

हा प्रश्न या रानात नवा नाही. फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे राखीव शिकारीचे रान होते. शिकारीची वेळही हीच: सांज, चांदणी रात्र किंवा पहाट. त्या वेळी बंदुकीवर बसवायची दुर्बीण कोणती घ्यावी, याचा जगभरच्या शिकाऱ्यांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शौकाची शिकार बंद झाली आणि १९८६ साली फणसाड अभयारण्य झाले. बंदूक गेली, पण बंदुकीवरच्या दुर्बिणीचे भौतिकशास्त्र मात्र आपल्याला जसेच्या तसे उपयोगी पडते. आज तेच समजून घेऊ.

दुर्बिणीवरचे दोन आकडे

कोणत्याही दुर्बिणीवर ७×५०, ८×३० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा विशालनाचा. ७ म्हणजे वस्तू सातपट जवळ आल्यासारखी दिसते. दुसरा आकडा वस्तुभिंगाचा, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास. तो मिलिमीटरमध्ये असतो.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ७×५० साठी ५० ÷ ७ म्हणजे सुमारे ७ मि.मी. ही संख्या कशाची? दुर्बीण हातभर लांब धरा, तिचे तोंड उजळ आकाशाकडे (सूर्याकडे मुळीच नव्हे!) करा आणि नेत्रभिंगाकडे पाहा. तिथे तुम्हाला प्रकाशाची एक वाटोळी चकती दिसेल. दुर्बिणीत शिरलेला सारा प्रकाश तेवढ्याच चकतीतून बाहेर पडतो. तिला आपण प्रकाशचकती म्हणू. आलेख-कागदाचा तुकडा नेत्रभिंगामागे धरून पुढेमागे हलवला की ही चकती कागदावर उमटते आणि तिचा व्यास मोजताही येतो.

दुर्बीण उजेड वाढवते का?

पुष्कळांना वाटते की, मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीतून पाहिले की दृश्य साध्या डोळ्यापेक्षा उजळ दिसते. हिशेब करून पाहू.

अंधारात तुमच्या वयाच्या मुलामुलींच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी. पर्यंत उघडते. ७×५० दुर्बिणीचे भिंग ५० मि.मी. चे. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा होतो. म्हणून दुर्बीण (५० ÷ ७)², म्हणजे सुमारे ५१ पट प्रकाश गोळा करते. चांगले झाले! पण थांबा. तीच दुर्बीण प्रतिमा सातपट उंच आणि सातपट रुंद करते, म्हणजे दृष्टिपटलावर तिचे क्षेत्रफळ ४९ पट होते. ५१ पट प्रकाश ४९ पट जागेवर पसरला, तर दर चौरस मिलिमीटरला किती आला? जवळजवळ पहिल्याइतकाच. भिंगांत थोडा प्रकाश वाया जातो तो धरला, तर थोडा कमीच.

हा योगायोग नव्हे. भिंगांची कोणतीही रचना करा, पसरलेल्या दृश्याची – गवताची, पाण्याची, जनावराच्या पाठीची – तेजस्विता साध्या डोळ्याला दिसते तीपेक्षा वाढवता येत नाही. (चांदण्यांची गोष्ट निराळी. त्या दुर्बिणीतही बिंदूच राहतात, त्यांचा प्रकाश पसरत नाही, म्हणून त्या उजळ दिसतात.) विजेवर चालणारी रात्रीची उपकरणे बाहेरून ऊर्जा पुरवून प्रतिमा उजळ करतात, त्यांचा नियम वेगळा आणि किंमतही वेगळी.

उलट प्रकाशचकती बाहुलीपेक्षा लहान असेल तर दृश्य अंधारते. ८×३० ची चकती ३.७५ मि.मी. ची. ७ मि.मी. उघडलेल्या बाहुलीला तिच्यातून (३.७५ ÷ ७)², म्हणजे फक्त ०.२९ पट तेजस्विता मिळते. भर दुपारी हा फरक कळतही नाही, कारण तेव्हा बाहुली स्वतःच दोन-तीन मि.मी. ची असते. फरक कळतो तो तिन्हीसांजेला.

मग दुर्बीण लावायचीच कशाला?

तेजस्विता वाढत नसेल तर मचाणावर दुर्बीण नेण्यात काय अर्थ? अर्थ आहे, आणि तो डोळ्याच्या घडणीत आहे.

दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे टिपतात. दंडाकार पेशी अंधारात काम करतात. पण अनेक पेशी मिळून एकाच चेतातंतूला निरोप देतात. त्यामुळे संवेदनक्षमता वाढते आणि बारकावा हरवतो. भर उजेडात निरोगी डोळा एक कोनीय मिनिटाचा बारकावा टिपतो. चांदण्यात तो दहा मिनिटांवर आला असे समजू.

भेकराची खांद्यापर्यंतची उंची अर्धा मीटर धरा. शंभर मीटरवरून ती सुमारे १७ मिनिटांचा कोन करते. म्हणजे चांदण्यात साध्या डोळ्याला सबंध भेकर जेमतेम दोन ठिपक्यांएवढे! दोन ठिपक्यांवरून कुत्रा की भेकर हे कोण सांगणार? आठपट विशालनाची दुर्बीण लावली की तोच कोन १३६ मिनिटांचा होतो, म्हणजे तेरा-चौदा ठिपके. आता पाठीचा बाक दिसतो, मान दिसते, शेपूट दिसते.

तेव्हा दुर्बीण उजेड देत नाही. ती आकार देते. मात्र आकार देताना तिने उजेड गमावता कामा नये. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

कोणती किती उपयोगी?

अंधुक उजेडात विशालनही हवे आणि भिंगही मोठे हवे. दोहोंचा मिळून अंदाज यावा म्हणून एक संख्या वापरतात: विशालन आणि व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. तिला संधिप्रकाशांक म्हणू. पुढील कोष्टकात दुर्बीण, प्रकाशचकती (मि.मी.), ७ मि.मी. बाहुलीला मिळणारी सापेक्ष तेजस्विता आणि संधिप्रकाशांक असे क्रमाने दिले आहे.

१०×२५ : २.५ : ०.१३ : १५.८
८×३० : ३.७५ : ०.२९ : १५.५
८×४२ : ५.२५ : ०.५६ : १८.३
१०×५० : ५.० : ०.५१ : २२.४
७×५० : ७.१ : १.०० : १८.७
८×५६ : ७.० : १.०० : २१.२

नुसत्या संधिप्रकाशांकावर मात्र भुलू नका. २५×२५ अशी दुर्बीण केली तर तिचा अंक २५ येईल, कोष्टकातल्या सर्वांहून जास्त. पण तिची प्रकाशचकती १ मि.मी. ची, तिन्हीसांजेला तिच्यातून काळोखाशिवाय काही दिसणार नाही. म्हणून आधी प्रकाशचकती पाहावी, ती पुरेशी असेल तरच अंकांची तुलना करावी.

जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे शिकारी उंच माळ्यावर बसून रानडुकराची वाट पाहत. त्यांच्यात बंदुकीवरची ८×५६ दुर्बीण लोकप्रिय झाली, ती याच कारणाने. ३ ते ९ पट विशालन बदलता येणाऱ्या ४० मि.मी. च्या दुर्बिणीही बंदुकीवर असतात. ९ वर ठेवली तर तिची चकती ४.४ मि.मी. ची, सांज झाली की जाणकार शिकारी विशालन ६ च्या आसपास उतरवतो, म्हणजे चकती ६.७ मि.मी. ची होते. आणखी दोन फरक गमतीचे आहेत. बंदूक उडाली की मागे धक्का देते, म्हणून तिच्या दुर्बिणीची चकती नेत्रभिंगापासून आठ-नऊ सेंटिमीटर मागे पडेल अशी रचना करतात. नाहीतर भुवई फुटायची! आणि नेमासाठी आत ज्या काळ्या रेषा असतात त्या अंधाऱ्या रानावर दिसेनाशा होतात, म्हणून सांजेच्या दुर्बिणीत त्या कडेला जाड ठेवतात.

कोकणातली सांज आखूड

आता एक प्रश्न: जर्मनीतल्या शिकाऱ्याचा सल्ला आपल्या किनाऱ्यावर तसाच लागू पडेल का?

सूर्य दर तासाला १५ अंश सरकतो. आपले अक्षांश सुमारे १८.५ उत्तर. विषुवदिनाच्या सुमारास आपला सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो: तासाला १५ × कोज्या १८.५°, म्हणजे सुमारे १४.२ अंश. सूर्यास्तापासून सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. तो इथे सुमारे २२ मिनिटे टिकतो. ५२ अंश उत्तरेला सूर्य तिरका उतरतो. तिथे तोच काळ सुमारे ३४ मिनिटांचा होतो.

निरभ्र आकाश असता सूर्यास्ताच्या वेळी उघड्यावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो आणि नागरी संधिप्रकाश संपताना सुमारे ३ लक्स. म्हणजे बावीस मिनिटांत उजेड शंभरपटीहून अधिक घटला. सरासरीने पाहिले तर दर मिनिटाला त्याचा पाचवा हिस्सा नाहीसा होतो. बाहुली २ मि.मी. ची ७ मि.मी. झाली तरी प्रकाश वाढतो फक्त १२ पट. उरलेली भरपाई दृष्टिपटलातील रासायनिक बदलांनी होते आणि त्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे कोकणात सांज इतक्या लवकर सरते की डोळा मागे पडतो!

याच हिशेबाने मोठ्या भिंगाची किंमत मिनिटांत मोजता येते. ८×३० ऐवजी ७×५० घेतली तर तेजस्विता सुमारे साडेतीनपट. उजेड साडेतीनपट घटायला आपल्याकडे सुमारे साडेपाच मिनिटे लागतात. ५२ अंशांवर जवळजवळ नऊ. तेव्हा नुसत्या सांजेसाठी जड दुर्बीण बाळगण्यात आपला फायदा थोडा. पण पौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाश ०.१ ते ०.३ लक्सच्या दरम्यान तासन् तास टिकून राहतो, आणि तिथे हा साडेतीनपटीचा फायदा रात्रभर मिळतो.

तुमचा डोळा आणि तुमच्या सरांचा डोळा

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. अंधारात बाहुली किती उघडते हे वयावर अवलंबून असते. तुमची ७ मि.मी. उघडेल, चाळिशी उलटल्यावर ती साडेपाच-सहावर येते, साठीनंतर पाचच्या आसपास. माणसामाणसांतही फरक असतो.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. माझी बाहुली साडेपाच मि.मी. उघडते. ७×५० मधून ७ मि.मी. ची चकती बाहेर पडते, पण तिचा कडेचा भाग माझ्या पारितारिकेवर पडून फुकट जातो. माझ्यापुरते तिचे भिंग ७ × ५.५, म्हणजे ३८.५ मि.मी. चेच. सुमारे चाळीस टक्के प्रकाश वाया, आणि वजन मात्र सगळे माझ्या मानेवर! त्याच मचाणावर तीच दुर्बीण तुम्हाला पुरेपूर उपयोगी पडेल. म्हणून ‘सर्वांत चांगली दुर्बीण कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणाच्या डोळ्यासाठी?’ हे आधी विचारले पाहिजे.

करून पाहा: एका पुठ्ठ्यावर टाचणीने दोन-दोन छिद्रांच्या जोड्या पाडा, अंतरे ४, ५, ६ आणि ७ मि.मी. ठेवा. पुठ्ठा डोळ्याला अगदी जवळ धरून सूर्यास्तानंतरच्या आकाशाकडे पाहा. दुसरा डोळा उघडा ठेवा, कारण दोन्ही बाहुल्या बरोबरीने लहानमोठ्या होतात आणि झाकलेल्या डोळ्याची बाहुली एरवी उगाच मोठी होईल. प्रत्येक छिद्राची एक धूसर चकती दिसेल. ज्या जोडीच्या चकत्या एकमेकींना नुसत्या टेकतात, तिच्या छिद्रांतील अंतर म्हणजे तुमच्या बाहुलीचा व्यास. चकत्या एकमेकींवर चढल्या तर बाहुली त्या अंतरापेक्षा मोठी. वेगळ्या राहिल्या तर लहान. घरातल्या वडीलधाऱ्यांचीही मापे घ्या आणि वयाशी ताडून पाहा.

भिंगावरचा जांभळा रंग

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत भिंगे आणि लोलक मिळून असे दहा पृष्ठभाग धरले, तर पलीकडे पोचतो तो ०.९६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. परत फिरलेला प्रकाश आत भटकून दृश्य धुरकटही करतो. १९३५ साली जर्मनीतल्या झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. लेप मॅग्नेशियम फ्लोराइडचा असेल तर त्याचा अपवर्तनांक १.३८. त्याची जाडी प्रकाशाच्या लेपातील तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवतात. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी ती सुमारे १०० नॅनोमीटर येते. लेपाच्या दोन्ही बाजूंवरून परतणाऱ्या लहरी मग एकमेकींना मारतात आणि परावर्तन सव्वा टक्क्यावर येते. दहा पृष्ठभागांतून आता ८८ टक्के प्रकाश पोचतो. हिरवा परतत नाही, तांबडा आणि निळा थोडा परततो. म्हणून भिंग जांभळट दिसते.

माणकासारखी लालभडक चमकणारी भिंगे मात्र टाळा. ती तांबडा प्रकाश बाहेरच परतवून लावतात आणि आतले दृश्य हिरवट व अंधारे होते.

दुकानात काय पाहावे

१. प्रकाशचकती पाहा. ती पूर्ण वाटोळी आणि कडेपर्यंत सारखी उजळ हवी. कडा चौकोनी कापल्यासारख्या अंधाऱ्या दिसल्या तर आतल्या लोलकाची काच हलकी आहे.

२. दहापटीहून अधिक विशालनाची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते.

३. ‘१० ते ३० पट, अंधारात दिसणारी’ अशा जाहिरातीला भुलू नका. भागाकार करा, आकडा स्वतःच बोलेल.

४. बेताच्या किमतीत नळी मध्ये वळलेली, रुंद खांद्यांची पोरो लोलकांची दुर्बीण सहसा सरस ठरते. इग्नात्सिओ पोरो यांची १८५४ सालची ही रचना बनवायला सोपी आहे आणि तिच्या लोलकांना खास आरशाचा लेप लागत नाही.

५. आपल्या खाऱ्या, दमट हवेत आत पाणी-वाफ न शिरणारी दुर्बीण मिळाली तर उत्तम. पावसाळ्यात तिला कातडी पेटीत कोंडून ठेवले की भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. किनाऱ्यावरून आल्यावर वाळूचे कण आधी फुंकून घालवा, मगच मऊ फडक्याने पुसा.

आता निवड. शाळेच्या निसर्गमंडळाला एकच दुर्बीण घ्यायची असेल तर मी ८×४२ सुचवीन. दिवसा पक्षी, सांजेला किनारा, रात्री पाणवठा, सगळीकडे ती चालते आणि विद्यार्थी व शिक्षक दोघांच्याही डोळ्यांना मानवते. दुसरी घेण्याइतके पैसे असतील, तर चांदण्या रात्रीसाठी ७×५० घ्या आणि ती तरुण डोळ्यांच्या हाती द्या.

मचाणावरचे तीन नियम

पहिला: अंधार पडल्यावर अर्धा तास विजेरी लावू नका. डोळ्याने वीस-तीस मिनिटांत मिळवलेले एका झगमगाटात जाते. नोंद लिहायला उजेड हवाच असेल तर विजेरीवर लाल कागद बांधा. दंडाकार पेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. दुसरा: आकृतीवर नजर रोखू नका, किंचित बाजूला पाहा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडाकार पेशी नसतात. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: ओळख पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहा. अंधुक उजेडात शिकाऱ्याची चूक जिवावर बेतत असे, आपली चूक कागदावर राहते. पण त्या कागदावरूनच पुढे रानाचे निर्णय होतात.

परवानगीखेरीज रात्री अभयारण्यात थांबता येत नाही, हे ध्यानात ठेवा. पण सराव कुठेही करता येईल. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याचा तट सांजेला पाहा. दोन निरनिराळ्या दुर्बिणींतून तटाचे दगड सूर्यास्तानंतर किती मिनिटांपर्यंत वेगळे ओळखता येतात ते घड्याळ लावून टिपा. वर्गातल्या सर्वांनी हे केले की तुमचे स्वतःचे कोष्टक तयार होईल.

स्वाध्याय

१. ९×६३ दुर्बिणीची प्रकाशचकती किती? साठीतल्या गृहस्थांना (बाहुली ५ मि.मी.) तिचे किती व्यासाचे भिंग खरोखर उपयोगी पडेल?

२. ७×३५ आणि १०×५० या दोहोंची प्रकाशचकती ५ मि.मी. च येते. मग पाणवठ्यावर त्यांतली कोणती सरस, आणि का? तिची अडचण कोणती?

३. प्रत्येक पृष्ठभागावर अर्धाच टक्का प्रकाश परतत असेल, तर दहा पृष्ठभागांतून किती टक्के पोचेल?

उत्तरे: (१) ७ मि.मी.; ४५ मि.मी. (२) १०×५०, तेजस्विता सारखीच, पण आकार मोठा. वजन आणि हाताची थरथर या तिच्या अडचणी. (३) सुमारे ९५ टक्के.